आमच्या घरात भाडं लागत नाही

आम्ही शारजाला राहतो, सध्या मी सुट्टीत गावी आलेय. आज दुपारी बेळगावजवळच्या खानापुरात एका बारशाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या, नात्यातल्याच एका बाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गे, शारजाला तुमच्याकडं उतरलं की भाडं द्यायला लागतंय म्हणे?"

घास तोंडात तसाच राहिला. समोरच्या चारपाच जणी माझ्याकडं बघत होत्या. बाळाचं बारसं, तिथं काय बोलणार? उठले, हात धुतले, बाळाच्या मुठीत पाकीट दिलं आणि पावसात घरी आले. आता रात्रीचे 11 वाजलेत, लाईट गेलीय, मोबाईल 40 टक्क्यांवर आहे. तेवढ्यात लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

नाव लिहिणार नाही. एवढंच सांगते, ही बाई मागच्याच्या मागच्या डिसेंबरात नवरा आणि दोन मुलांना घेऊन आमच्याकडं 9 दिवस राहून गेलीय. विमान पहाटे सव्वातीनला उतरलं, ह्यांनी जाऊन आणलं आणि 7 ला परत कामावर गेले. आमचं घर म्हणजे एक बेडरूम आणि हॉल. बेडरूम त्यांना दिली, आम्ही चौघं हॉलमध्ये. बुर्ज खलिफा, दुबईच्या देरा भागातला सोन्याचा बाजार, एका दिरहॅमची अब्रा म्हणजे होडी, ग्लोबल व्हिलेज, अबू धाबीचं स्वामीनारायण मंदिर, सगळं फिरवलं. शारजा-दुबईच्या ट्रॅफिकमध्ये दीड-दीड तास त्यांची पोरं माझ्या मांडीवर झोपायची. वर्षाची 30 दिवस रजा, त्यातले 5 दिवस त्यांच्यासाठी टाकले. जाताना बॅगेत जागा नव्हती म्हणून खजूर आणि केशर मी माझ्या पिशवीत घालून विमानतळापर्यंत नेलं.

हे उपकार म्हणून सांगत नाही. आपलं माणूस आलं की तिकडं किती बरं वाटतं, हे तिकडं राहिल्याशिवाय कळत नाही. एरवी दाराची बेल वाजवतो तो फक्त डिलिव्हरीवाला. कुणी येणार म्हटलं की मी 8 दिवस आधीपासून गाद्या उन्हात टाकते. म्हणूनच ते "भाडं" मला लागलंय.

आता "भाडं" कुठून आलं ते सांगते. बाईंपासून सांगावं लागेल.

बाई म्हणजे आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेतल्या. आमचं गाव जांबोटीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर नुसता पाऊस. शाळेच्या वाटेवर ओढा. आम्ही प्लास्टिकची खोळ घेऊन काठावर उभं राहायचो आणि बाई पलीकडून पाण्यात उतरून चौघांची साखळी करून न्यायच्या, सगळ्यात मोठा पुढं, सगळ्यात लहान त्यांच्या कडेवर. त्या बाई जानेवारी 2017 मध्ये आमच्याकडं आल्या, 8 दिवस राहिल्या. येताना स्टीलच्या डब्यात कुंदा, 5 किलो बासमती आणि कारळ्याची चटणी. रोज आमच्या आधी उठून अंथरूण घडी घालून ठेवायच्या.

निघायच्या दिवशी मी उशी उचलली तर खाली लुलू सुपरमार्केटचं एक बिल दुमडून ठेवलेलं. आत 200 दिरहॅम. बिलाच्या मागं बाईंचं ते फळ्यावरचं अक्षर: "आठ रात्री. ओझं ठेवून जायचं नाही."

मी रडले. विमानतळावर पैसे परत द्यायला गेले तर बाई रागावल्या. "तुला नको तर पोरींच्या गाडीला घाल. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला सात किलोमीटर जायचं, ओढा भरला की घरी बसतात. एकदा बसल्या की बसल्याच."

एवढंच. तिथून हे सुरू झालं. आज दोन वाड्यांवरच्या 11 पोरी टमटमनं हायस्कूलला जातात. टमटमवाल्याला महिन्याला 9,000 रुपये, त्यात आईबाप प्रत्येकी 300 देतात, उरलेलं आम्ही आणि आमच्याकडं येऊन गेलेली माणसं. बाईंचं ते बिल आमच्या फ्रिजवर लावलंय. त्याची छापील बाजू केव्हाच उडून पांढरी झाली, बाईंचं पेनाचं अक्षर तेवढं राहिलंय. पाहुणे विचारतात हे काय, आम्ही सांगतो. ज्याला वाटेल तो देतो. निम्मे देत नाहीत. त्यांनाही सकाळी तोच चहा आणि तेच पोहे मिळतात!

आणि पैसे आमच्या हातात येतच नाहीत. बाईंचे तेवढे मी सुट्टीत आल्यावर पोचवले, त्यानंतर कुणाचेही नाहीत. अमिरातीत परवाना नसताना वर्गणी गोळा करणं गुन्हा आहे, 2021 चा कायदा आहे. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो, तुम्ही भारतात पोचा आणि तुमच्या खात्यावरून थेट टमटमवाल्याला पाठवा. अमेरिकेतली माझी एक मैत्रीण दर महिन्याला द्यायला तयार होती, खरं तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलंय. तिचा पैसा भारताच्या कायद्यानं परकीय देणगी ठरतो, त्याला नोंदणी असलेली संस्थाच लागते. तिला नाही म्हणताना वाईट वाटलं. आमचा पासपोर्ट अजून भारतीय, आमच्या पगारातला पैसा त्यात धरत नाहीत. एवढं सगळं विचारून, बघून चाललंय आणि तुम्ही भर पंगतीत भाडं म्हणता?

पंगतीत आणखी एकीनं विचारलं, बायकांना बस फुकट आहे की, मग टमटम कशाला? आहे ना. 11 जून 2023 पासून कर्नाटकाची शक्ती योजना आहे, चांगली आहे, माझी आई त्याच बसनं बेळगावला दवाखान्यात जाते. खरं बस त्या वाड्यावर येतच नाही, तर फुकट कुठून मिळणार? तिकडं पावसाळ्यात रस्ता राहत नाही. पुढारी म्हणतात कर्नाटकानं बघावं, दुसरे म्हणतात महाराष्ट्रानं बघावं. 1956 पासून आपण सीमाभागातली माणसं हेच ऐकतोय. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. मी सीमाप्रश्नाच्या मोर्चात वाढलेली मुलगी आहे, 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून शाळेत गेलीय, मला कुणी शिकवू नये. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, त्या 11 मधल्या तिघींची दहावी या मार्चमध्ये आहे.

सरकारनंच करायला पाहिजे, हे मान्य. आणि हेही मान्य की एका पाहुण्याला, ते परत गेल्यावर, मी मेसेज करून आठवण करून दिली होती. ते करायला नको होतं. त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं देतो म्हणून.

हे लिहिता लिहिता जरा शांत झालेय. ती असं का बोलली असेल? कदाचित ते फ्रिजवरचं बिल तिला 9 दिवस टोचलं असेल. रोज दूध काढताना समोर "आठ रात्री. ओझं ठेवून जायचं नाही." त्या वर्षी तिच्या नवऱ्याचा धंदा बसला होता, तिकिटं भावानं काढून दिली होती, हे मला नंतर कळलं. मी त्या कागदाकडं बाईंची आठवण म्हणून बघते. येणाऱ्याला ती मागणी वाटू शकते, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. मघाशी ह्यांना फोन केला, विचारलं, काढून ठेवू का? ते म्हणाले, फ्रिजवरून काढ, खरं टाकू नको. तर आता मी शारजाला परत गेले की तो कागद माझ्या कपाटात जाईल, आईच्या फोटोच्या पाकिटात.

काल बाईंना भेटून आले. गुडघे गेलेत, ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. सकाळी सव्वाआठला टमटम त्यांच्या दारावरून जाते. पोरी आतून "बाईऽ" म्हणून ओरडतात, बाई हात वर करतात आणि मोजतात. काल 10 च होत्या. बाईंनी गाडी थांबवून विचारलं, अकरावी कुठं आहे? तिला ताप होता. संध्याकाळी बाईंनी तिच्या घरी माणूस पाठवला.

भाड्याचं त्यांना सांगितलेलं नाही. गावातल्या कुणी सांगूही नका, हात जोडते.

आणि जिच्याबद्दल हे लिहिलं, ती वाचणारच. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू. खरं तुझ्या मोठ्या लेकाला ग्लोबल व्हिलेजमध्ये आकाशपाळण्यात बसायचं राहिलं होतं, भीती वाटली म्हणून रडला होता. आता मोठा झाला असेल. त्याला घेऊन ये.

बाकीच्यांनी डिसेंबर-जानेवारीत यायचं असेल तर ऑक्टोबरच्या आत सांगा, रजा तेव्हाच टाकावी लागते. येताना कारळ्याची चटणी आणा. बेडरूम तुमची.