दहा टक्क्यांचा मेंदू आणि आमचे बाबा

ल्यूक बेसाँ यांचा 2014 सालचा 'ल्युसी' हा चित्रपट मी परवा पुन्हा पाहिला. तैपेईमध्ये एका तरुणीच्या पोटात बळजबरीने दडवलेली अमली पदार्थाची पिशवी फुटते, तिच्या मेंदूची शक्ती वाढत वाढत 100 टक्क्यांवर जाते आणि शेवटी काळही तिच्या आज्ञेत येतो, ही अचाट कल्पना स्कार्लेट जोहान्सन यांनी फार ताकदीने पेलली आहे. माझा आक्षेप कथेला नाही. मॉर्गन फ्रीमन यांनी साकारलेले प्राध्यापक, माणूस मेंदूचा जेमतेम 10 टक्के वापर करतो, असे व्याख्यानात सांगतात, त्या विधानाला आहे.

कारण ते विधान पडद्यापुरते राहत नाही. गंगापूर रोडवरच्या एका क्लासचे पत्रक ताईने भाच्यासाठी आणले होते, त्यात हेच छापलेले होते. शिवाय मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागतील, असे आश्वासनही होते. "उरलेले 90 टक्के वाया का घालवायचे?" असे ताईने विचारले, तेव्हा मी तिला बाबांची आठवण करून दिली.

बाबांच्या मेंदूच्या डाव्या भागातील एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. स्कॅनवरचा डाग लहानसाच होता, पण भांडीबाजारात 40 वर्षे दुकान चालवलेल्या माणसाची वाचा गेली. त्यांना सारे समजते, पण शब्द सापडत नाही. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये अशाच एका रुग्णाच्या मेंदूवरून डाव्या बाजूच्या पुढील भागाचा वाचेशी असलेला संबंध दाखवून दिला होता. मेंदूचा 90 टक्के भाग खरोखरच निकामी असता, तर बहुतेक इजा कोणाला जाणवल्याही नसत्या.

शरीराच्या वजनाच्या अवघा 2 टक्के असलेला हा अवयव आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो. सगळ्या पेशी एकाच क्षणी पेटल्याने अलौकिक शक्तीही येत नाही. पुष्कळ पेशी एकदम, एका लयीत पेटणे म्हणजे फेफरे.

मेंदू बदलतो, हे मात्र खरे आहे, पण तो सरावाने आणि फार सावकाश बदलतो. स्पीच थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे भाचा रोज संध्याकाळी आजोबांपुढे एकेक भांडे ठेवतो. "परात" आणि "घागर" हे शब्द परत आले आहेत. "तपेले" अजून अर्ध्यावर अडते, आणि तो घाई न करता थांबून राहतो.