मोटरला हात न लावता हरहुन्नरी व्हा

यावल-रावेरकडे केळीच्या पाण्यापायी रात्री जागून कंटाळला असाल, तर इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्या. चार वर्षांत हरहुन्नरी तंत्रज्ञ व्हाल. मी सांगतो तेवढं फक्त पाळा.

मोटरला हात लावू नका. लॅबमध्ये एका मोटरभोवती पंधरा-वीस पोरं असतात. तुम्ही मागे उभे राहा आणि रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवा. बाहेर पारा ४५ वर जावो की पाऊस पडो, कॉलेजची मोटर दरवर्षी तेवढेच आरपीएम देते. (जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळं डोक्यात ठेवावं लागलं. तुम्हाला लिहिता येतं, डोक्याला कशाला ताप?)

फिटिंगचा जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये घासून बनवायचा लोखंडी तुकडा, सीनिअरकडून घ्या, त्यावरचा जुना नंबर कानशीने घासा, नवा ठोका. कानस चालवलीच की! ड्रॉइंगला जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारा: दोन खुर्च्यांवर काच, खाली होल्डरला वायर जोडून बल्ब, वर मित्राची शीट. चार वर्षांत स्वतःच्या हातानं केलेलं वायरिंग ते एवढंच. फोटो काढून ठेवा.

मग सुट्टीत घरी जा. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची असेल. एकच्या सुमाराला अप्पा उठवतील: पाच एचपीची मोटर नुसती घुं घुं करतेय. घाबरू नका. सांगा, "दोन पोल, ५० हर्ट्‌झ, म्हणजे सिंक्रोनस स्पीड ३००० आरपीएम. स्लिप वजा जाता २८८० तरी मिळायलाच हवेत."

"मग फिरत का नाही?"

हा प्रश्न सिलॅबसबाहेरचा आहे.

तोवर रिवाइंडिंगवाले नाना येतील. दहावी नापास. आधी स्टार्टर बंद करतील, मग टेस्टर लावतील. तीनपैकी एक फेज गायब; कीटकॅट फ्यूजमधली तार वितळलेली. दोन फेजवर मोटर अशीच घुमत राहिली असती तर वाइंडिंग जळालं असतं, हे तुम्ही नानांना नीट समजावून सांगा. ते "हो साहेब" म्हणतील आणि हातात बॅटरी देतील. धरा. उजेड हलू देऊ नका.

पाच मिनिटांत पाणी पडेल. हात पुसत नाना विचारतील, "पोऱ्याले इंजिनिअरिंगले टाकायचं हाये भाऊ, कोनती ब्रांच बरी?"

कॉम्प्युटर सांगा.