गुरुत्वाकर्षणाला मूलभूत बलांच्या यादीतून काढता येणार नाही

आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण हे बल नसून अवकाशकालाची (अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या एकाच रचनेची) वक्रता आहे असे सिद्ध केले, तेव्हा चार मूलभूत बलांच्या यादीतून त्याचे नाव काढून टाकावे, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातली वक्रतेची गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच चुकीचा निष्कर्षही वाचणाऱ्याला चटकन पटतो.

त्या मजकुरातला पहिला मुद्दा असा की, मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवत नाही, म्हणजे त्याच्यावर बलच नाही. निरीक्षण अचूक आहे. टेबलावर ठेवलेल्या मोबाइलमधला त्वरणमापक ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढा आकडा दाखवतो, आणि तोच मोबाइल हातातून सुटून पडत असताना जवळजवळ शून्य दाखवतो. मात्र हे लहान जागेपुरते आणि थोड्या वेळापुरतेच खरे आहे. पडणाऱ्या मोठ्या पेटीत दोन चेंडू शेजारी शेजारी अलगद सोडले, तर दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे निघाल्यामुळे हळूहळू एकमेकांजवळ सरकतात. एकाखाली एक सोडले, तर खालच्यावरची ओढ किंचित जास्त असल्यामुळे त्यांच्यातले अंतर वाढत जाते. पेटीतल्या निरीक्षकाने कोणतीही संदर्भचौकट (ज्याच्या सापेक्ष गती मोजायची तो आधार) निवडली, तरी हा फरक त्याला पुसून टाकता येत नाही. समुद्राला भरती-ओहोटी येते तीही चंद्र-सूर्याच्या ओढीतल्या अशाच फरकामुळे. वळणावर गाडीत जाणवणारे केंद्रोत्सारी बल चौकट बदलताच पूर्णपणे नाहीसे होते. गुरुत्वाकर्षणाला त्याच्या पंक्तीला बसवणे मला मुळीच मान्य नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरींनी, म्हणजे अवकाशकालातल्या तरंगांनी, सुमारे तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा वाहून नेली होती, आणि तीही कोणत्या चौकटीने नाहीशी होत नाही.

दुसरा मुद्दा, गुरुत्वाकर्षण ही भूमिती आणि उरलेली तीन मात्र ‘खरी’ बले, हा. आधुनिक सिद्धांतांत विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्राच्या पातळीवर काम करणारी प्रबळ आणि क्षीण ही बलेसुद्धा वक्रतेच्याच भाषेत लिहिली जातात. फक्त ती वक्रता अवकाशकालाची नसून त्याच्या प्रत्येक बिंदूशी जोडलेल्या अंतर्गत, म्हणजे निव्वळ गणिती, अवकाशाची असते. भूमिती हाच अपात्रतेचा निकष धरला, तर यादीत कोणीच उरणार नाही. मुळात ‘मूलभूत बल’ म्हणताना भौतिकशास्त्रात ढकलणे-ओढणे अभिप्रेत नसते. दुसऱ्या कोणत्याही आंतरक्रियेतून जिचा उगम दाखवता येत नाही, अशी आंतरक्रिया अभिप्रेत असते. घर्षण मूलभूत नाही, कारण ते अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलातून निघते.

ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा वाहक मानला जाणारा कण, सापडलेला नाही, हा आक्षेपही टिकत नाही. क्षीण बलाचे वाहक असलेले डब्ल्यू आणि झेड कण सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत १९८३ साली सापडले, पण त्याआधीही ते बल मूलभूतच मानले जात होते.

अखेरचा मुद्दा मला खरोखर विचार करण्याजोगा वाटतो. गुरुत्वाकर्षण एन्ट्रॉपीतून, म्हणजे एखाद्या व्यवस्थेतल्या अव्यवस्थेच्या मापातून, उद्भवत असावे, असे भौतिकशास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंड यांनी २०१० च्या सुमारास सुचवले. प्रयोगांनी ते खरे ठरले, तर यादी बदलावीच लागेल. मात्र त्याचे कारण गुरुत्वाकर्षण ही भूमिती आहे हे नसेल, ते दुसऱ्या कशातून तरी निघते हे असेल.