‘जुना कार्यकर्ता’ यांना उत्तर: युनियनच्या ऑफिसातलं मागणीपत्र

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका युनियनच्या ऑफिसमधल्या कर्मचाऱ्यांनी आपल्याच पदाधिकाऱ्यांना मागणीपत्र दिलं आणि युनियनने या कर्मचाऱ्यांशी लेखी करार करायला हवा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की युनियन ही चळवळ आहे, कंपनी नव्हे. कामगारांच्या वर्गणीवर कुणी पगारवाढ मागू नये. रायगडातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी संपात सहा वर्षं हाल सोसले, पगार मागितला नाही. जगात कुठेही असलं काही होत नाही. आणि मी मालकांच्या हातात कोलीत दिलं.

चरीपासूनच सुरुवात करू. 1933 ते 1939 नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, ते पिकातला रास्त वाटा मिळावा म्हणून. म्हणजे तोही घामाच्या मोबदल्याचाच लढा. शिवाय हाल सोसायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. कारकुनाच्या वतीने पदाधिकाऱ्यांनी परस्पर केलेल्या त्यागाला कारखान्यात आपण पगारकपात म्हणतो.

वर्गणीचं म्हणाल तर 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात निधी कशावर खर्च करता येतो याची यादी होती. तिच्यात पहिली बाब पदाधिकाऱ्यांचे पगार-भत्ते आणि दुसरी कारभाराचा खर्च. तरी तुमची काळजी खोटी नाही. कंपनीकडे आपण ताळेबंद मागतो, नफ्यावर बोट ठेवतो. इथे नफाच नाही, आणि एखादा कारखाना बंद पडला की वर्गणी आटते. म्हणूनच तर कागद हवा. सभासद घटले तर किती वाढ थांबेल, वाढले तर किती मिळेल, हे आधीच लिहिलेलं असलं की दर वर्षी अध्यक्षांचा मूड बघून तोंड उघडावं लागत नाही. करार सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा; वर्गणी देणारे तिथेच बसलेले असतात.

मला जास्त खटकलं ते बोलणीतलं पदाधिकाऱ्यांचं बोलणं. “आपण एका घरातली माणसं.” “सध्या परिस्थिती नाही.” “बाहेरचा वकील कशाला आणता?” कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरच्या तोंडून ऐकून ऐकून आपल्याला ही वाक्यं पाठ आहेत. तिसरं तर कमालच! कारखान्याच्या हिशेबाने आपले कितीतरी पुढारी बाहेरचेच. कायद्याने ती मुभा दिली म्हणून ते मालकासमोर बसू शकले. आणि पावत्या फाडणारा, कोर्टाच्या तारखा सांभाळणारा युनियनच्या ऑफिसातला तो मुलगा? कित्येक वर्षं ‘तात्पुरता’. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यातलं शेड्यूल चार, आयटम सहा मी तुम्हाला काय सांगायचं? कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा. त्या आयटमखालच्या आपल्या तक्रारी टाइप करतो तोच मुलगा. उद्या समोरच्या मॅनेजरने हे विचारलं तर कोलीत कुणी दिलं म्हणायचं?

जगात होतं की! नॅशनल एज्युकेशन असोसिएशन ही अमेरिकेतल्या शिक्षकांची अवाढव्य संघटना. जुलै 2024 मध्ये फिलाडेल्फियात तिचं अधिवेशन चालू असताना तिच्याच कर्मचाऱ्यांच्या युनियनने संप केला. संपकऱ्यांची रांग ओलांडायची नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी तिथलं भाषण रद्द केलं. संघटनेने उलट कर्मचाऱ्यांनाच कामावरून बाहेर ठेवलं. टाळेबंदी, तीही युनियनकडून! इतकं टोकाला जाऊ नये असं वाटत असेल तर वेळेत टेबलावर बसणं बरं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. ऑफिसच संपावर गेलं तर उद्या लेबर कोर्टात ज्याची तारीख आहे तो कामगार मरतो, मालकाचं काहीच बिघडत नाही. त्यामुळे संप झाला तरी कोर्टाच्या तारखा आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचे अर्ज चालूच राहतील, असं कलम करारात हवं. कर्मचाऱ्यांनी ते आपणहून मान्य केलंय, असं कळतं.

सध्या गाडी अडलीय गणपतीच्या सुट्टीवर. कमिटी म्हणते ऋषिपंचमीपर्यंत, कर्मचारी म्हणतात गौरी-विसर्जनापर्यंत. माझं मत कर्मचाऱ्यांच्या बाजूने. त्या दिवसांत ऑफिस उघडं ठेवलं तरी कमिटीतलं तरी कोण फिरकणार आहे?