डोंबिवलीला फास्ट लोकलने तास-सव्वातास लागतो

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या एका चुलत भावाची मुंबई ट्रिप झाली. दिवाळीच्या सुट्टीत, सहकुटुंब, चांगली चार दिवसांची. हे मला कळलं कुठून, तर स्टेटसवरून! गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, कोस्टल रोडवर गाडीच्या काचेतून काढलेला व्हिडिओ, नवी भुयारी मेट्रो, घारापुरीच्या त्रिमूर्तीसमोर बायको-मुलं. शेवटच्या फोटोखाली 'मुंबई डन'.

मी ठाण्यात असते. मला फोन केला नाही, ठीक आहे, आमचं दोघांचं तसंही फार जमत नाही. पण आत्या डोंबिवलीत आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. नातीने तिला व्हॉट्सअ‍ॅप शिकवलंय आणि सकाळचा चहा घेताना ती सगळ्यांची स्टेटस पेपर वाचावा तशी वाचते. आज मला फोन. "अगं, तो मुंबईत आलाय का? हे गेटवेच ना?" मी म्हटलं, जुने फोटो असतील गं. तर म्हणाली, "जुने कसे, पोरगी केवढी उंच दिसतेय." मग जरा थांबून, "राणीच्या बागेत नेलं का पोरांना? पेंग्विन आवडले असते त्यांना."

बस. एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता हा भाऊ कोण, ते सांगते. नाव लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल. आम्ही सगळी सांगलीची भावंडं मे महिन्यात महालक्ष्मीने रात्रभर प्रवास करून व्हीटीला उतरायचो आणि ठाकूरद्वारच्या चाळीत आत्याच्या दोन खोल्यांत जाऊन पडायचो. तिची तीन मुलं, सासूबाई आणि वर आम्ही. पुरुष आणि मुलगे बाहेर गॅलरीत झोपायचे, आम्ही मुली आत, कॉटखालीसुद्धा. हा तर पुढे डिप्लोमाला पूर्ण तीन वर्षं तिथेच होता. त्याचा डबा कोण करायचं? त्याला कावीळ झाली तेव्हा बिनतेलाचं जेवण वेगळं कोण रांधायचं?

आणि मुंबई आम्हाला दाखवली ती आत्याच्या यजमानांनी, आमच्या मामांनी. ते महापालिकेच्या पाणीखात्यात होते. रविवारी सगळी वरात घेऊन निघायचे. चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याला नमस्कार, मग मलबार हिल चढायचं, म्हातारीच्या बुटात शिरून वरून डोकं काढायचं, आणि मग समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये. तिथे झुडपं कापून केलेले हत्ती-जिराफ बघण्यात आम्ही दंग, आणि मामा बुटाने जमिनीवर ठकठक करून म्हणायचे, "याच्याखाली टाकी आहे. तुमची आत्या पहाटे उठून भरते ना, ते पाणी इथून येतं." आम्ही कृष्णाकाठची पोरं, नदी माहीत, विहीर माहीत. बागेखाली अख्खं तळं लपवलंय हे काही केल्या खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम उठले आणि मोरीत आत्याशेजारी जाऊन उभी राहिले. नळाने आधी नुसताच फुसफुस आवाज केला, मग धार आली. आत्या म्हणाली, "आलीच आहेस तर कळशी लाव."

ही मुंबई कुठल्या रीलमध्ये आहे मला सांगा.

तोच भाऊ परवा त्याच टेकडीवर होता! तिथे आता झाडांमधून लाकडी उन्नत मार्ग केलाय, २०२५ मध्ये सुरू झाला, २५ रुपये तिकीट, वरून चौपाटी दिसते. छान आहे, मीही जाऊन आलेय. त्याने तिथून बारा फोटो टाकलेत. मामांचं नाव एकाही फोटोखाली नाही. पोरांना सांगितलं असेल का त्याने, की पलीकडच्या बागेखाली टाकी आहे म्हणून? मला नाही वाटत. गेटवेच्या फोटोवर कॅप्शन 'व्हाइब्स'. अरे, त्याच कमानीखाली उभं करून मामांनी तुला आणि मला सांगितलं होतं की गोऱ्यांची शेवटची पलटण फेब्रुवारी १९४८ मध्ये इथून बोटीत चढली. दर वर्षी सांगायचे. आम्ही मागून तोंडं वेडावायचो, पण पाठ झालंच की नाही?

आता कुणीतरी लिहिणारच, ताई, काळ बदललाय. घरं लहान, सुनांना नोकऱ्या, पाहुणे कुणाला हवेत. मान्य. आत्याची सूनच मला म्हणाली, खरं सांगू, नाही आले ते बरंच झालं, दिवाळीत माझी पाठ पार गेली होती. तिचं चुकलं नाही. पण मी गाद्या घाला म्हणतच नाहीये. उतरा ना हॉटेलात! घारापुरीला लाँचने जायला तास लागतो, तो मिळाला. डोंबिवलीला फास्ट लोकलने तास-सव्वातास, तो मिळाला नाही. यात घराच्या आकाराचा संबंध कुठे आला?

लिहिता लिहिता आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि आता राग कुणावर काढावा तेच कळेना. आत्याने घारापुरी पाहिलेलीच नाही. लग्न होऊन मुंबईत आली त्याला साठाहून अधिक वर्षं झाली, आणि नाही पाहिली. आम्ही लाँचने गेलो त्या रविवारीही ती घरीच होती. सासूबाईंचं करायचं होतं, आम्ही परत आल्यावर भुकेने कावलेले असणार होतो, शिवाय तिकिटाचे पैसे. मामा आमच्यासाठी देव होते, पण 'आज तू चल' असं ते तिला म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या आयांनीही कधी म्हटलं नाही. आम्ही मुंबई बघायची आणि तिने पोळ्या लाटायच्या, असं ठरूनच गेलं होतं. जुन्या सुट्ट्यांच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी (मीच सगळ्यांत पुढे असते) हेही लिहावं.

पण म्हणून तर जायचं ना तिच्याकडे! तिच्या जिवावर बघितलीय आपण मुंबई.

बरं, तो वाईट नाही. कोविडात मामा गेले तेव्हा येता आलं नाही म्हणून फोनवर ढसाढसा रडला होता. कदाचित त्या घरात मामा नाहीत हेच त्याला बघायचं नसेल. ती चाळही आता नाही, तिथे टॉवरचं काम चाललंय. असेल तसं. मग तेवढं तरी तिला सांग. फोन दोन मिनिटांचा असतो.

मी आज तिला विचारलं, चल, तुला घारापुरीला नेते. म्हणाली, लाँच हलते, मला नको, गुडघे कुठे आहेत तेवढ्या पायऱ्या चढायला. तिला मेट्रोचं गिरगाव स्टेशन बघायचंय. सगळे फोटो टाकतात म्हणे, आपल्या चाळीपासून किती लांब आहे ते तिला चालून मोजायचंय. तर या शनिवारी आम्ही जातोय, तिची नातही येतेय.

आणि सांगलीकरांनो, नाताळच्या सुट्टीत तुमच्यातले निम्मे मुंबईला येणार, मला ठाऊक आहे. पत्ता मेसेज करा, पाठवते. जेवायच्या वेळी जाऊ नका, चारच्या चहाला जा. पेढे नेऊ नका, तिला साखर आहे. भडंग न्या. दात राहिले नाहीत, पण खाते.