'हौशी लोकांचं काम' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

जपानी भाषा आणि संस्कृती विद्यापीठात जाऊन शिकावी असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की दीड वर्ष क्लास लावून एन२ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) काढली की नोकरी मिळते, बीए-एमएची पाच वर्षं फुकट जातात, विद्यापीठातल्या पोरांना बोलता येत नाही, आता एआय सगळं भाषांतर करून देतं, आणि "कल्चर वगैरे हे घरचं बरं असलेल्या हौशी लोकांचं काम आहे ताई".

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. मतं वेगळी असू देत हो, पण ताई म्हणायचं आणि त्याच दमात मला खाऊन-पिऊन सुखी हौशी बाई ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली पद्धत? माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. बारावीनंतर मी एंट्रन्स देऊन दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात गेले ती हौस म्हणून नाही, तिथे वर्षाची ट्यूशन फी काही शे रुपये होती आणि होस्टेल होतं म्हणून. पुण्यात राहून खासगी क्लास लावणं आमच्या घराला झेपलं नसतं. म्हणजे तुम्ही ज्याला श्रीमंतांचं म्हणताय तेच मला परवडलं, क्लास परवडला नसता. एवढं आधी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारत नाही, निकालच देता.

आता कल्चर. तुमच्या डोळ्यासमोर किमोनो आणि चेरीची फुलं असावीत बहुतेक. आम्हाला कल्चर म्हणजे जपानचा इतिहास होता, १८६८ नंतर मेइजी काळात देश कसा बदलला ते होतं, कुटुंबव्यवस्था होती, जपानी मुळाक्षरांचा अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून कसा आला ते होतं. आणि हे सगळं भाषेत उतरतं. केइगोचंच, म्हणजे जपानीतल्या आदरार्थी भाषेचंच घ्या. मराठीत आपण बाहेरच्या माणसालाही "साहेब बाहेर गेलेत" असंच सांगतो. जपानीत क्लायंटशी बोलताना स्वतःच्या साहेबाचं नाव 'सान' (आपल्या 'जी'सारखं) न लावता घ्यायचं, क्रियापदही नम्रतेचं वापरायचं, कारण क्लायंटसमोर तुम्ही आणि साहेब एकाच घरातले. पुस्तकात हा नियम चार ओळींत असतो आणि तो सगळ्यांना पाठ असतो, पण साहेबाला मान देणं आपल्या जिभेवर इतकं बसलेलं असतं की फोनवर ऐन वेळी 'सान' निघतंच. चाकणला एका कंपनीत मी इंटरप्रीटर होते तिथे एन२ झालेला एक मुलगा सारखं हेच करायचा, पोरगा हुशार होता, पण आतलं कोण आणि बाहेरचं कोण हा हिशोब तिथल्या घरातून ऑफिसात कसा आला हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आम्ही यावर वाचलं होतं, भांडलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. हा माझ्या पगाराचा भाग होता सर, टाइमपास नाही.

त्याच कंपनीत जपानी सुपरवायझर ड्रॉइंगवर नाहीतर व्हाइटबोर्डवर घाईघाईत हाताने लिहायचे. तुमची ती जेएलपीटी एन५ पासून एन१ पर्यंत सगळी पर्याय निवडायची परीक्षा आहे, त्यात हाताने लिहिणं नाही आणि बोलणंही नाही. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, चारशे चौकटींच्या गेंकोयोशी कागदावर साकुबुन (निबंध) लिहून घ्यायच्या आणि लाल पेनाने रंगवून परत द्यायच्या, तेव्हा राग यायचा, पण स्ट्रोक ऑर्डर (अक्षरातल्या रेघा काढायचा क्रम) त्यातूनच हातात बसली आणि ती बसली की घाईत लिहिलेली कांजीपण (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) ओळखू येते. जोयो, म्हणजे रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २१३६ आहेत, मोबाइलवर टाइप करून त्या हातात उतरत नाहीत.

बोलण्याची प्रॅक्टिस वर्गात कमी मिळते हे तुमचं बरोबर आहे, मान्य. आणि कुणाला टोकुतेई गिनोच्या (कुशल कामगारांसाठीच्या) व्हिसावर केअरगिव्हर म्हणून जायचं असेल, जिथे एन४ च्या आसपासचं जपानी आणि त्या कामाच्या परीक्षा लागतात, तर त्याने क्लासच लावावा, मीसुद्धा तेच सांगेन. एआयवर मी इथे बोलत नाही, तो विषयच वेगळा आहे.

एक गोष्ट मात्र तुम्ही सोयीस्कर सोडलीत. जपान सरकारची निक्केनसेई स्कॉलरशिप, ज्यात साधारण वर्षभर तिथल्या विद्यापीठात शिकता येतं, ती आपल्या विद्यापीठात जपानी भाषा किंवा संस्कृती मुख्य विषय घेऊन डिग्री करणाऱ्यांसाठीच आहे. फक्त क्लास केलेल्याला, भले एन१ असो, त्यासाठी अर्ज करता येत नाही. मला ती मिळाली नाही, पण माझ्या बॅचमधल्या मैत्रिणीला मिळाली आणि तिच्या घरची परिस्थिती माझ्यापेक्षा बेताची होती. तिलाही हौशीच म्हणणार का?

"पोस्ट काढून टाका, मुलांची दिशाभूल होते" असंही लिहिलंय तुम्ही. नाही काढणार. खाली एका मुलीने बारावीनंतरचं विचारलंय, तिच्यासाठी लिहिते: जेएनयूच्या जपानी बीएला आता सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश होतो, आधी जपानी आलंच पाहिजे असं काही नाही, फॉर्मची तारीख तेवढी चुकवू नकोस.