विहीर कोणाची, आणि तिच्यात उरलंय किती?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो एका वाक्यावरून. युनियनवाला म्हणाला, "तेलकंपन्या जनतेच्या मालकीच्या करा, निम्मे प्रश्न सुटतील." त्यावर इंजिनिअर म्हणाला, "विहीर कोणाची हे तू विचारलंस. तिच्यात किती उरलंय आणि ते वर काढायला काय लागतं, हे कोण विचारणार?" मग अंधार पडला तरी कोणी उठायला तयार नव्हतं. मी डाव्या विचारांचा, आणि हा प्रश्न माझ्याही जिव्हारी लागला. म्हणून सगळं लिहून काढतोय.

इंजिनिअरनं हिशोबच मांडला. तेलाच्या एका बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे साधारण १,७०० युनिट (विजेच्या बिलातलं युनिट) ऊर्जा. माणूस दिवसभर अंगमेहनत करतो तेव्हा त्याच्याकडून जेमतेम अर्धा-पाऊण युनिट काम होतं. इंजिनात दोन तृतीयांश ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी एका बॅरलमध्ये एका माणसाची तीनेक वर्षांची मजुरी भरलेली असते. आणि जग रोज अशी दहा कोटींच्या आसपास बॅरल संपवतं. "वरकड मूल्याबद्दल, म्हणजे कामगाराच्या श्रमातून मजुरी वजा जाता मालकाकडे उरतं त्याबद्दल, तुम्ही इतकं बोलता, त्यात या न दिसणाऱ्या मजुराचा वाटा किती हे कधी मोजलंत?"

"म्हणजे आठ तासांचा दिवस तेलानं दिला? रक्त सांडलंय त्यासाठी!" युनियनवाला उसळला.

"रक्त सांडलं म्हणूनच वाटा मिळाला. मी वाटा कशातून निघाला ते विचारतोय."

इथे मास्तर मध्ये पडले. ते इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचं म्हणणं असं की ऊर्जा आणि लढा या गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. कोळसा होता तेव्हा तो खणायला माणसांची फौज लागायची. पहिल्या महायुद्धानंतर एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त खाणकामगार होते. त्यांनी हत्यारं खाली ठेवली की रेल्वे, कारखाने, बोटी, सगळं ठप्प. तेलाला तेवढे हात लागत नाहीत, ते पाइपातून वाहतं. कामगाराची ताकद इंधनावर अवलंबून असेल, तर इंधनाचा अभ्यास हे युनियनचंच काम आहे.

"इराण विसरू नका मास्तर," युनियनवाला म्हणाला. "१९७८ मध्ये तिथल्या तेलकामगारांनी काम थांबवलं आणि काही महिन्यांत तिथल्या राजाला, शहाला, देश सोडावा लागला." हे खरंच आहे, आणि मास्तरांनीही ते मान्य केलं.

मग युनियनवाल्यानं हुकमाचं पान टाकलं. "तेल संपणार, संपणार म्हणून किती वर्षं ऐकतोय! हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकानं १९५६ मध्ये सांगितलं, अमेरिकेचं उत्पादन शिखर गाठून उतरणार. १९७० ला शिखर आलं, कबूल. पण शेल, म्हणजे घट्ट खडकात अडकलेलं तेल, आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेनं ते शिखर ओलांडलं. कुठे गेली तुमची मर्यादा?"

"ती गेली नाही, महाग झाली," इंजिनिअर म्हणाला. जुन्या विहिरी वर्षानुवर्षं वाहायच्या. फ्रॅकिंगच्या, म्हणजे दाबानं पाणी सोडून खडक फोडून शेलचं तेल काढणाऱ्या, विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येतं, म्हणून सतत नव्या खणाव्या लागतात. तेल मिळवायलाच जास्त पैसा आणि जास्त ऊर्जा खर्च होते, आणि बाकी समाजासाठी उरतं ते कमी. शिवाय वातावरणाची मर्यादा आहेच. जमिनीत आहे तेवढं सगळं जाळायची सोय आता उरलेली नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते व्हेनेझुएलाचं उदाहरण. तिथले डावे राष्ट्राध्यक्ष चावेझ यांच्या काळात तेलाच्या पैशातून दवाखाने उघडले, साक्षरतेच्या मोहिमा झाल्या, गरिबी घटली. आम्ही किती अभिमानानं ते सांगत असू! पण निर्यातीच्या कमाईत तेलाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला होता. २०१४ च्या मध्यावर बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्या खाली आलं, आणि वाटायला काही उरलं नाही. "निर्बंधांचं काय?" युनियनवाल्यानं विचारलं. निर्बंधांनी हाल वाढवले, यात शंका नाही. पण त्यांच्या तेलावर अमेरिकेचे थेट निर्बंध आले २०१९ मध्ये. घसरण त्याच्या कितीतरी आधीची. मालकी जनतेचीच होती. बाकीचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

खरं तर तो प्रश्न आपल्या परंपरेत आहे. युक्रेनचा समाजवादी सर्गेई पोडोलिन्स्की श्रमाचा हिशोब ऊर्जेत मांडू पाहत होता. एंगल्सनं १८८२ च्या डिसेंबरात मार्क्सला लिहिलेल्या पत्रात त्याचे निष्कर्ष खोडून काढले, पण माणूस पूर्वीची साठलेली सूर्याची उष्णता उधळतो आहे हेही त्याच पत्रात लिहिलं. तो धागा तिथेच सोडायला नको होता.

युनियनवाल्याचा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटला. "मर्यादा नेहमी गरिबालाच का सांगतात? फ्रान्समध्ये २०१८ साली संपत्तीकर जवळपास मोडीत काढला आणि त्याच वर्षी डिझेलवरचा कर वाढवला. मग लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर येणार नाहीत तर काय?"

अगदी बरोबर. आणि म्हणूनच हा विषय डाव्यांनी हातात घ्यायला हवा, असं मी म्हटलं. टंचाई आली की रेशनिंग होतंच. एकतर ते भावानं होतं, म्हणजे ज्याच्या खिशात पैसे त्याची टाकी भरते. नाहीतर कार्डानं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं पेट्रोलवर रेशन लावलं आणि १९४२ मध्ये खासगी मोटारींचा मूळ कोटाही काढून घेतला. पैसेवाल्यांच्या गाड्याही उभ्या राहिल्या. वाटणी कशी करायची हा तर आपलाच विषय. पण तेल कमी पडणार हे मान्यच केलं नाही, तर वाटणीचा नियम दुसरंच कोणीतरी लिहितं.

युनियनवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि विहीर बंद होईल तेव्हा तिथल्या माणसाचं काय? हे आधी सांगा."

इंजिनिअरनं जर्मनीचं सांगितलं. दगडी कोळशाच्या खाणी टप्प्याटप्प्यानं बंद करायचं २००७ मध्ये ठरलं आणि बोट्रॉपची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. युनियन पहिल्यापासून वाटाघाटींत होती, आणि सक्तीनं कोणाला घरी पाठवलं नाही. वयानं मोठ्यांना लवकर निवृत्ती दिली, बाकीच्यांना दुसरीकडे सामावून घेतलं.

"अकरा वर्षं मिळाली त्यांना," युनियनवाला म्हणाला. "त्या करारात काय काय होतं, ते मिळतंय का बघ. मला वाचायचंय."